पावलांवरून अंतर : तुळजापूरच्या पायी वाटेसाठी ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाण्याचा आमच्या गल्लीचा रिवाज जुना आहे. रूपाभवानीचे दर्शन घेऊन निघायचे, रात्रभर चालायचे आणि पौर्णिमेला आईच्या महाद्वारात पोचायचे. अंतर ढोबळमानाने ४५ किलोमीटर. गेल्या वर्षी शेजारच्या अक्कांच्या फोनने ४५ किलोमीटर पुरे झाल्याचे दाखवले, तेव्हा आम्ही घाटाच्या पायथ्याशीही आलो नव्हतो. "अण्णा, आकडा तर संपला, मग देऊळ कुठे आहे?" असे विचारून अक्का रस्त्याच्या कडेला बसल्या. त्यांनी पाणी, गूळ आणि पायांतली ताकद त्या आकड्याच्या भरवशावर वापरली होती. पुढे किती चालायचे उरले आहे, हे मलाही त्या वेळी खात्रीने सांगता आले नाही. मी भूकरमापक म्हणून सारी नोकरी जमीन मोजण्यात घालवली असल्यामुळे ती गोष्ट मनाला लागून राहिली, आणि म्हणून या वर्षी दोन महिने आधीच हे काम हाती घेतले आहे.

आज संध्याकाळी अक्का आणि मी घरापासून सिद्धेश्वर तलावापर्यंत आणि चार हुतात्मा चौकावरून परत असे बरोबरीने चाललो. अक्कांच्या फोनने ७,४१२ पावले आणि ५.६५ किलोमीटर दाखवले. माझ्या फोनने ६,५३८ पावले आणि ४.६१ किलोमीटर. दोघे एकाच रस्त्याने, खांद्याला खांदा लावून चाललो असताना एक किलोमीटरहून अधिक फरक कसा पडतो? अक्कांचा आकडा पावलांनी भागला तर एका पावलाला ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट येतात. अक्कांनी फोनमध्ये आपली उंची कधी भरलीच नव्हती, म्हणून ॲपने सरसकट अडीच फुटांचे पाऊल धरले. पाच फुटांपेक्षा थोडी कमी उंची असलेल्या बाईला अडीच फुटांचे पाऊल टाकत चालायला लावले, तर ती दमून जाईल.

अक्कांची उंची भिंतीला उभे करून मोजली : १५० सेंटिमीटर. माझी १७०, पत्नीची १५५. उंचीला स्त्रियांसाठी ०.४१३ आणि पुरुषांसाठी ०.४१५ ने गुणायचे, ही पावलाची लांबी काढण्याची प्रचलित रीत आहे. तिच्याप्रमाणे अक्कांचे पाऊल ६१.९५ आणि माझे ७०.५५ सेंटिमीटर येते. ही लांबी धरली की आजचे अंतर अक्कांच्या पावलांवरून ४.५९ आणि माझ्या पावलांवरून ४.६१ किलोमीटर निघते. दोन आकडे इतके जवळ आल्याने समाधान वाटले, पण हा अजून पडताळा नव्हे. दोन्ही आकडे एकाच रीतीतून निघाले आहेत.

शब्दाविषयी एक गोष्ट येथेच पक्की करून ठेवतो. या नोंदींत 'पाऊल' म्हणजे एका टाचेपासून पुढच्या पायाच्या टाचेपर्यंतचे अंतर. त्याच पायाच्या टाचेपासून पुन्हा त्याच पायाच्या टाचेपर्यंतचे अंतर म्हणजे दुहेरी पाऊल. रोमन लोक दुहेरी पाऊल मोजत, आणि अशी एक हजार दुहेरी पावले म्हणजे त्यांचा मैल. मैल हा शब्दच लॅटिनमधील हजारासाठी असलेल्या शब्दावरून आला आहे. काही मनगटी यंत्रे आणि पुस्तके दुहेरी पावलाची लांबी देतात. ती एकेरी समजून वापरली तर अंतर थेट दुप्पट होते.

६ ऑगस्ट, बुधवार

पहाटे साडेपाच वाजता वसाहतीमागच्या सरळ, सपाट रस्त्यावर मूळ रेषा आखली. ३० मीटरची पोलादी टेप चार वेळा ताणून १२० मीटर घेतले आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. नोकरीच्या सुरुवातीला ३३ फुटी साखळी ओढलेली आहे; गुंठ्याची बाजू ३३ फूट असल्यामुळे त्या साखळीचा माप माझ्या डोळ्यांत इतका बसला आहे की आजही एखादा वाफा पाहिला की तो किती साखळ्यांचा, हे मनात आधी उमटते. पण येथे डोळ्यांवर भागवायचे नव्हते, म्हणून टेप दोन्ही दिशांनी ताणून पाहिली. दोन्ही वेळच्या मापांत दोन सेंटिमीटरपेक्षा कमी फरक आला.

मोजण्याची रीत अशी ठेवली. चालणाऱ्याने रेघेच्या दहाएक पावले मागून सुरुवात करायची, म्हणजे रेघेवर येईपर्यंत चाल नेहमीची झालेली असते. उभ्या जागेवरून निघाले तर पहिली दोन-तीन पावले आखूड पडतात. शेवटची रेघ पावलाच्या मध्ये आली तर ते अर्धे धरायचे. १७० पावलांत अर्ध्या पावलाची चूक म्हणजे ०.३ टक्के, आणि पाच फेऱ्यांची सरासरी काढली की तीही कमी होते. रेषा १० मीटरचीच घेतली असती तर हीच अर्ध्या पावलाची चूक तीन टक्क्यांच्या पुढे गेली असती. घरच्या ओसरीवर चार पावले टाकून लांबी काढणे म्हणूनच निरुपयोगी ठरते.

पाच फेऱ्यांची सरासरी : माझी १७२ पावले, म्हणजे एक पाऊल ६९.८ सेंटिमीटर, अक्कांची १९५, म्हणजे ६१.५, पत्नीची १८३, म्हणजे ६५.६. उंचीच्या रीतीने पत्नीचे पाऊल ६४ यायला हवे होते. ती बुटकी असली तरी माहेरी शेतात चालून वाढलेली आहे आणि पाऊल लांब टाकते. माझे पाऊल उंचीच्या रीतीपेक्षा एक टक्क्याने आखूड निघाले. उंचीवरून काढलेली लांबी हा अंदाज आहे, टेपवरून काढलेली लांबी हे माप आहे. यापुढे माप वापरायचे.

१० ऑगस्ट, रविवार

आज लांबी बाजूला ठेवून पावलांची संख्या तपासली. फोन पाऊल 'पाहत' नाही. त्याच्या आत त्वरण मोजणारी बारीक चीप असते. पाऊल टेकले की शरीराला जो हिसका बसतो, त्याची एक लाट त्या चिपेच्या नोंदीत उठते, आणि एका ठरावीक उंचीच्या व ठरावीक गतीने येणाऱ्या लाटा फोन मोजत राहतो. म्हणून फोन अंगावर कोठे आहे, यावर त्याचा आकडा बराचसा अवलंबून असतो.

खरी संख्या मोजण्यासाठी माणूस हवा होता, आणि ते काम अक्कांइतके कोणालाच जमले नाही. त्यांनी तीस-पस्तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. विडी कामगाराची मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे बोलता बोलता, स्वयंपाक करता करता हजारापर्यंतचा हिशेब न चुकवण्याची सवय त्यांच्या अंगात मुरली आहे. त्यांच्या मोजणीच्या १,००० पावलांना माझ्या सदऱ्याच्या खिशातील फोनने ९९६ दाखवले. पत्नीच्या कमरेच्या बटव्यातील फोनने ९८१, आणि हातात झुलणाऱ्या कापडी पिशवीतील फोनने १,०३४. पिशवीचे स्वतःचे हेलकावेही त्यात मिसळले असावेत, असे मला वाटते. खूप हळू, थांबत थांबत चालल्यावर १,००० पैकी ९०७ च पावले मोजली गेली, कारण हिसका सौम्य झाला की लाटही लहान होते.

उलट बाजूही पाहिली. अक्कांचा मुलगा टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतो. त्याने फोन मागाच्या सांगाड्यावर दहा मिनिटे ठेवला, तेव्हा कोणी एक पाऊलही न टाकता फोनने २१४ पावले मोजली. साध्या यंत्रमागाचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे असतात आणि माणसाची चालही त्याच पट्ट्यात येते, त्यामुळे फोनला तो चालणारा माणूसच वाटला असणार. पाळी संपवून आल्यावर तो रोज जे पंधरा-सोळा हजारांचे आकडे दाखवतो, त्यांत त्याच्या पायांचे किती आणि मागाचे किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या आकड्याचे अंतर करता येणार नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आजच्या मापनाने माझी एक समजूत मोडली. माझे पाऊल ६९.८ सेंटिमीटरचे आहे असे मी दहा दिवस धरून चाललो होतो. पण तसे एकच पाऊल माझ्याकडे नाही. त्याच १२० मीटरवर रेंगाळत चाललो तेव्हा २०० पावले लागली आणि १३० सेकंद. म्हणजे पाऊल ६० सेंटिमीटर, मिनिटाला ९२ पावले. नेहमीच्या चालीने १७२ पावले, ९४ सेकंद; मिनिटाला ११०. भराभर चाललो तेव्हा १५६ पावले, ७५ सेकंद, पाऊल ७६.९ सेंटिमीटर, मिनिटाला १२५. वेग वाढवताना माणूस पावले नुसती लवकर टाकत नाही, लांबही टाकतो. दोन्ही गोष्टी हातात हात घालून वाढतात.

या तीन मापांवरून माझ्यापुरता एक साधा नियम निघतो : मिनिटाला ११० पावलांना ७० सेंटिमीटर, आणि त्यावर मिनिटाला एक पाऊल वाढले की लांबी अर्धा सेंटिमीटर वाढवायची, कमी झाले की अर्धा कमी करायची. ९२ पावलांना ६१ येतात, मापले ६० होते. १२५ पावलांना ७७.५ येतात, मापले ७६.९ होते. एका सेंटिमीटरच्या आत नियम बसतो. घड्याळ आणि मोजणी एवढ्या दोनच गोष्टींवर इतके साधत असेल, तर शेतात काम करताना मला हे आधीच सुचायला हवे होते.

फोन बनवणारे आणखी एक वाट वापरतात. लांब पाऊल टाकले की कंबर अधिक खाली-वर होते आणि उभ्या दिशेचा हिसका मोठा होतो. ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीत काम करणारे हार्वी वाइनबर्ग यांनी २००२ मध्ये दिलेल्या रीतीत प्रत्येक पावलातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उभ्या त्वरणाचा फरक घेऊन त्याचे चौथे मूळ काढतात आणि त्याला एका स्थिर संख्येने गुणतात. ती स्थिर संख्या मात्र माणसागणिक बदलते, म्हणजे शेवटी मोजलेल्या रेषेवर चालून ती जुळवावीच लागते. चुन्याच्या रेघेपासून येथेही सुटका नाही.

पत्नी तुळजापूरला अनवाणी जाते, म्हणून तिचे अनवाणी मापनही आजच केले : १२० मीटरला १९० पावले, म्हणजे ६३.२ सेंटिमीटर. चपलेपेक्षा जवळजवळ अडीच सेंटिमीटर आखूड. खडी टोचू नये म्हणून पाऊल जपून टाकले जाते, हे पाहतानाच दिसत होते.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर पाऊस असल्याने मापन झाले नाही. माळेचे काम केले. पायी चालून नकाशा तयार करणाऱ्यांत नैनसिंह रावत यांचे नाव आमच्या व्यवसायात आदराने घेतले जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या माँटगोमेरी यांच्या योजनेत त्यांना एकसारख्या लांबीचे पाऊल टाकण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि १८६५-६६ मध्ये ते वेषांतर करून काठमांडूहून ल्हासापर्यंत पावले मोजत गेले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा, म्हणजे पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावले. चढावर, उतारावर, दगडधोंड्यांतही पाऊल तेच ठेवायचे, हा त्या शिक्षणातला कठीण भाग होता. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. अक्कांना ही हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या माळेचे आठ मणी स्वतःच काढून माझ्या हातात ठेवले.

दहा हजारांचा हा आकडा आज सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचे मूळ वेगळे आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, या नावाचे यंत्र विक्रीस आले आणि तो आकडा तेथून पसरला. आमच्या तिघांच्या दहा हजार पावलांचे अंतर माझे ६.९८, पत्नीचे चप्पल घालून ६.५६ आणि अक्कांचे ६.१५ किलोमीटर होते. वैद्याने अमुक किलोमीटर चाला असे सांगितले असेल, तर दहा हजारांचा आकडा गाठून ते पाळल्यासारखे होईलच असे नाही.

७ सप्टेंबर, रविवार

१२० मीटरच्या रेषेवरचे माप लांब रस्त्यावर टिकते का, हे पाहण्यासाठी आज तुळजापूर रस्त्यावर गेलो. राष्ट्रीय महामार्ग ५२ वरचे किलोमीटरचे दगड, वरचा भाग पिवळा आणि खाली पांढरा, ही आयती मोजपट्टी आहे. मध्ये २०० मीटरचे लहान दगडही काही ठिकाणी शाबूत आहेत.

पहिल्या किलोमीटरला १,३८४ पावले लागली आणि लगेच पुढच्या किलोमीटरला १,४८२. एकसारख्या चालीने, सपाट रस्त्यावर, जवळजवळ शंभर पावलांचा फरक पायांमुळे पडत नाही. परत फिरून पाहिले, तर मधला दगड मातीच्या भरावात कलंडलेला आणि मूळच्या जागेवरून सरकलेला दिसला. दोन्ही किलोमीटरांची बेरीज २,८६६ पावले, म्हणजे पाऊल ६९.८ सेंटिमीटर; चुन्याच्या रेघेवर आले होते तेवढेच. एका दगडाची चूक एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच जास्त होऊन बसते, म्हणून कोणत्याही एका दगडावर न विसंबता चार-पाच दगडांची बेरीज घ्यायची, ही जमीन मोजतानाची जुनी शिस्त येथेही कामास आली.

त्याच वेळी नातवाच्या फोनवर जीपीएसची नोंद चालू होती. मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटरचे तिने २.०३ दाखवले, ते चांगलेच म्हणायचे. पण चहाच्या टपरीवर आम्ही वीस मिनिटे एका बाकावर बसलो होतो, तेवढ्यात तिच्या अंतरात ६० मीटर वाढले. उपग्रहांवरून काढलेली जागा मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे होत राहते. ॲपने ते थरथरणारे बिंदू एकमेकांना जोडले की बसलेला माणूसही कागदावर चालू लागतो. गावातल्या बोळांत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून लहरी परावर्तित होतात, तेथे हे अधिक होते. उलट बिंदू फार अंतराने घेतले तर वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. पावलांची मोजणी आणि जीपीएस यांच्या चुका वेगळ्या कारणांनी होतात, आणि म्हणूनच एकीने दुसरी तपासता येते.

१४ सप्टेंबर, रविवार

हिप्परग्याचा तलाव मागे टाकून पुढे, दगडांवरून १० किलोमीटर जाणे आणि १० येणे, असा २० किलोमीटरचा सराव झाला. पत्नी पहिल्या १० किलोमीटरनंतर बसने परतली, तिला घरी काम होते. अक्का आणि मी पूर्ण चाललो.

आजचा प्रश्न थकव्याचा होता. पहिल्या पाच किलोमीटरांत माझी सरासरी किलोमीटरला १,४३१ पावले होती, शेवटच्या पाचांत ती १,४७८ झाली. अक्कांची १,६२८ होती, ती १,६८९ झाली. पाऊल तीन ते साडेतीन टक्क्यांनी आखूड झाले आणि ते आम्हा दोघांनाही चालताना जाणवले नव्हते. आपण तेच पाऊल टाकतो आहोत असेच वाटत होते. सकाळी ताज्या पायांनी मोजलेली लांबी रात्रभराच्या वाटेला लावली, तर फोन अंतर फुगवूनच सांगणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज चुकांचा हिशेब मांडला. या सर्व नोंदींत हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चुका दोन जातींच्या असतात. एका जातीची चूक कधी अधिक, कधी उणी होते. एकच माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल सरासरीपेक्षा समजा तीन सेंटिमीटर इकडेतिकडे पडते. अनवाणी ४५ किलोमीटरला पत्नीची ७१,२३५ पावले होतील. पावलागणिक होणाऱ्या या चुका एकमेकींना खोडत जातात आणि एकूण चूक पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. ७१,२३५ चे वर्गमूळ सुमारे २६७. त्याला तीन सेंटिमीटरने गुणले की ८ मीटर. ४५ किलोमीटरच्या वाटेला फक्त आठ मीटर! पावले लहानमोठी पडतात म्हणून पावलांच्या मोजणीवर विश्वास नाही, असे म्हणणाऱ्यांना हे गणित दाखवावे.

दुसऱ्या जातीची चूक एकाच दिशेने साचत जाते. सरासरी लांबीच एका सेंटिमीटरने चुकीची भरली, तर तीच ७१,२३५ पावले ७१२ मीटरची चूक करतात. ती खोडली जात नाही, जितके चालाल तितकी वाढते. साखळीची एक कडी ताणली गेली असेल तर शेत कितीही काळजीपूर्वक मोजले तरी प्रत्येक साखळीला तेवढाच फरक पडत जातो, तसेच हे आहे. म्हणून सारा भर सरासरी लांबी नेमकी काढण्यावर द्यायचा, एकेका पावलावर नाही.

मग गेल्या वर्षीचे कोडे सोडवले. अक्कांच्या फोनने ७६.२ सेंटिमीटर धरून ४५ किलोमीटर दाखवले, म्हणजे तोपर्यंत ५९,०५५ पावले झाली होती. ती ६१.५ ने गुणली की ३६.३ किलोमीटर होतात. पहिले १५ किलोमीटर ताज्या पावलाचे आणि पुढचे थकल्या पावलाचे धरले तर साडेपस्तीस. म्हणजे अक्का बसल्या तेथून नऊ-साडेनऊ किलोमीटर आणि सारा घाट बाकी होता. हा कागद त्यांना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे अण्णा, मी कमी पडले नव्हते." एका चुकीच्या आकड्यापायी वर्षभर त्यांनी हे ओझे वाहिले होते, याची मला कल्पना नव्हती.

२८ सप्टेंबर, रविवार

सराव रद्द. पावसाने जिल्ह्यात हाहाकार केला आहे, सीनेकाठच्या गावांत पाणी शिरले आहे. या आठवड्यात पावलांचा विचार करण्याची मनःस्थिती नाही. गल्लीतून धान्य आणि चादरी गोळा करून पाठवण्याचे काम चालू आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. चालणाऱ्या प्रत्येकासाठी एक चिठ्ठी तयार केली. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगून रात्री दोन वाजता रस्त्यावर कोणी गुणाकार करणार नाही, हे लक्षात आल्याने लांबी उलटी करून 'एका किलोमीटरची पावले' असा आकडा लिहिला. माझ्या चिठ्ठीवर १,४३३ आणि १५ किलोमीटरनंतर १,४७८. अक्कांच्या चिठ्ठीवर १,६२६ आणि नंतर १,६९०, म्हणजे माळेचे सोळा मणी आणि थोडी वर, पुढे सतरा मणी. पत्नीच्या चिठ्ठीवर अनवाणी १,५८३. तिच्या थकल्या पावलाचे माप झालेले नाही, म्हणून तेथे जागा कोरी ठेवली आहे. अक्कांच्या फोनमध्ये उंची भरून लांबी ६१.५ केली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

परवा रात्री निघालो आणि काल सकाळी पोचलो. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत असलेल्या आईच्या सिंहासनारोहणासाठी जाणाऱ्यांची रांग रूपाभवानीपासूनच लागली होती. चंद्र इतका स्वच्छ होता की चिठ्ठीवरचा आकडा दिव्याशिवाय वाचता येत होता.

पहिल्या वाचता आलेल्या दगडापासून घाटाआधीच्या दगडापर्यंत ३८ किलोमीटर भरले. चिठ्ठीप्रमाणे माझी ५५,४८९ पावले व्हायला हवी होती, झाली ५६,२१०; म्हणजे हिशेबाने ३८.४९ किलोमीटर. अक्कांची ६३,२६० अपेक्षित होती, माळेवर ६४,४८० भरली, म्हणजे ३८.७२. जास्तीची पावले कोठून आली, हे शोधायला लागले नाही. वाटेत ठिकठिकाणी चहा, केळी, खिचडी वाटणारे मांडव होते आणि प्रत्येक मांडवाकडे जाणे-येणे पायांनीच झाले. ती पावले खोटी नाहीत, फक्त तुळजापूरच्या दिशेने पडलेली नाहीत. हीच ६४,४८० पावले जुन्या अडीच फुटांच्या हिशेबाने ४९ किलोमीटर झाली असती. पावले मोजताना अक्कांच्या तोंडात "आई राजा उदो उदो" चालूच होते, आणि प्रत्येक शंभराला मणी ओढताना त्यांचा आवाज थोडा चढत असे.

घाटात चिठ्ठी निरुपयोगी ठरली, कारण चढाचे माप मी घेतले नव्हते. २०० मीटरचे दोन दगड शाबूत मिळाले, तेथे अक्कांची ३८४ पावले झाली. पाऊल ५२ सेंटिमीटरवर आले होते. किलोमीटरला १,९२० धरली. तुळजापूर ३ असा दगड लागला तेव्हा अक्कांनी विचारले, "अण्णा, आता किती?" मी सांगितले, "अठ्ठावन्न मणी." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. माळ मुठीत धरून, मध्ये एकदाच थांबून, त्या चालत राहिल्या. महाद्वाराची पायरी लागली तेव्हा ५६ मणी ओढून झाले होते आणि वर ३१ पावले.

राहिलेले काम : चढाच्या रस्त्यावर १२० मीटरची वेगळी रेषा आखून तिघांचे चढाचे आणि उताराचे पाऊल मोजायचे, पत्नीचे अनवाणी थकले पाऊल मोजायचे. त्यासाठी शंभर मण्यांची नवी माळ ओवावी लागेल, कारण पहिली अक्कांनी देवघरात ठेवली आहे.